कातरलेल्या कागदाची नक्कल

१

सुमय्या आत्तारने पाकिटातले कागद टेबलावर ठेवले आणि ती म्हणाली, "मॅडम, ही बाई मी नाही."

पद्मजा घाटपांडेने चष्मा लावला. कर्जाचा अर्ज होता. नाव सुमय्याचं, पॅन नंबर सुमय्याचा, पत्ता कसबा पेठेतल्या तिच्या शिवणाच्या दुकानाचा. फोटो मात्र भलत्याच कुणाचा होता.

"धायरीच्या फ्लॅटसाठी बँकेत गेले होते," सुमय्या म्हणाली. "साहेब म्हणाले, तुमच्या नावावर आधीच दोन कर्जं आहेत आणि हप्ते थकलेत. मी आयुष्यात कुणाकडून दोऱ्याचं रीळसुद्धा उसनं आणलं नाही, मॅडम. त्या कर्जवाल्या कंपनीत तीन खेटे घातले, तेव्हा कुठे या प्रती मिळाल्या. पोलिसांत तक्रार दिलीय. पण बिल्डर महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहे. नंतर फ्लॅट दुसऱ्याला."

महिना संपायला बावीस दिवस होते.

पद्मजाने पुढचं पान उलटलं. मागे जोडलेलं प्राप्तिकराचं विवरणपत्र तिनेच जुलैमध्ये भरलेलं होतं. म्हणजे कागद बाहेर गेले ते इथूनच.

बावीस वर्षं ती या पेठेत लोकांचे कर भरत होती. समईवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि चारशे बारा अशील. आपल्याकडे माणसांचं काय काय असतं हे ती जाणून होती, आणि त्याची तिला भीतीही वाटे. कॉम्प्युटरला पासवर्ड, वर फोनवर येणारा आकडा. ऑफिसात पेनड्राइव्हला बंदी. पॅन किंवा आधारची प्रत काढली की अशिलाने त्यावर समोर सही करायची, कशासाठी दिली ते लिहायचं, आणि मगच ती स्कॅन होऊन कॉम्प्युटरात जायची. बिघडलेली प्रत कातरायच्या मशीनमध्ये. पोळपाटावर पीठ सांडू न देणाऱ्या बाईसारखी ती काम करत आली होती.

"बघू तो कागद."

कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज आला. दुर्गाबाई खांबेटे पेन्शनच्या कागदावर सही करायला आल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर. सरकारी नोकरीची तेहतीस वर्षं त्यांनी संशयित दस्तऐवज तपासण्यात घालवली होती. खोट्या सह्या, बदललेली मृत्युपत्रं, खाडाखोड केलेले सातबारे. त्यांच्या पिशवीत भिंग अजूनही असे.

त्यांनी पॅन कार्डाची प्रत खिडकीकडे धरली.

"कार्डाच्या डाव्या कडेला ही पट्टी कसली? एकतीस, बत्तीस, तेहतीस असे आकडे आहेत."

सुमय्या वाकून पाहू लागली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"ही माझी मापाची टेप आहे," ती हळूच म्हणाली. "पण ही प्रत... ही तर मी माझ्या हातांनी कातरून टाकली होती."

२

जुलैच्या सतरा तारखेची गोष्ट होती. सुमय्या दुकानातून तशीच आली होती, गळ्यात टेप लटकत. कार्ड काचेवर ठेवायला ती वाकली आणि टेपचं टोक घसरून काचेवर आलं. प्रत निघाली ती टेपसकट.

"आम्ही दोघी हसलो होतो," अपेक्षा ढोले म्हणाली. पद्मजाच्या ऑफिसात प्रती काढणं, नोंदी ठेवणं हे काम तिचं. अचलपूरहून पुण्यात येऊन तिला दोन वर्षं झाली होती. "मी दुसरी प्रत काढली. पहिली यांनीच कातरायच्या मशीनमध्ये घातली. त्यांना ते मशीन चालवून बघायचं होतं."

"खरंय," सुमय्या म्हणाली. "शेवया पडाव्या तसा पडला कागद. मी बघत होते."

"बिघडलेली प्रत एकच निघाली होती?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"एकच." अपेक्षा म्हणाली. "आता सगळे माझ्याकडेच बघणार. झेरॉक्स मी काढते. इथे बाहेरगावची मी एकटीच."

"बाहेरगावचं असणं हा अजून तरी पुण्यात गुन्हा नाही," दुर्गाबाई म्हणाल्या. "लोकांच्या मनात असेल, पण कायद्यात नाही. बस खाली."

पद्मजाला काहीच उमगेना. सही केलेली चांगली प्रत कपाटात होती. कॉम्प्युटरात होती तीही सहीची. कर्जाला जोडलेल्या प्रतीवर सही नव्हती आणि टेप होती. जगात जो कागद एकच होता आणि ज्याच्या सगळ्यांदेखत शेवया झाल्या होत्या, तो अखंड होऊन समोर पडला होता.

दुर्गाबाईंनी भिंग मिटून ठेवलं.

"कागद गेला तो गेला. तो काही परत येत नाही. तेव्हा हे जे आलंय, ते कागदावरून आलेलंच नाही." त्या खोलीभर नजर फिरवत होत्या. "काचेवर कार्ड ठेवलं आणि तिकडून कागद निघाला. या दोहोंच्या मध्ये काय असतं, पद्मजा?"

पद्मजाने त्यांच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. कोपऱ्यात झेरॉक्स मशीनचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

तिच्या लक्षात आलं. मशीन आधी स्वतः पाहतं, मनात ठेवतं आणि मग कागदावर उमटवतं. कागद कातरला म्हणून त्याच्या मनातलं थोडंच पुसलं जातं?

"पण जुलैमध्ये हे मशीन नव्हतं," ती म्हणाली. "जुनं होतं. ऑगस्टमध्ये आम्ही बदललं."

"मग जुन्याची आठवण कुठे गेली?"

पद्मजाने गळ्यातली किल्ली काढली.

"या कपाटात आहे. कुलपात."

३

या धोक्याचं तिने वाचलं होतं. अशा मशीनच्या पोटात हार्ड डिस्क असते आणि त्यात शेकडो पानांची चित्रं साठतात, हे कळल्यावर तिने मशीन विक्रेत्याला परत देण्याआधी कॉम्प्युटरवाल्या मैनुद्दीन तांबोळीला बोलावलं होतं. त्याने तिच्यासमोर डिस्क काढून दिली. तिने ती पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं आणि जोडावर सही केली.

पाकीट जसंच्या तसं निघालं. चिकटवण मोडलेली नव्हती.

तेवढ्यात दारातून "येऊ का मॅडम?" असं ऐकू आलं. मशीन विक्रेत्याचा दुरुस्तीवाला बद्रीनाथ शाईची डबी घेऊन आला होता. हसतमुख माणूस. सात वर्षं दोन्ही मशीनांची देखभाल त्याच्याकडेच होती. काय चाललंय ते कळल्यावर त्याने जीभ चावली.

"अरेरे. पण डिस्क तर मैनुद्दीनभाईंनी काढली ना? मी मशीन न्यायला आलो तेव्हा आत खाच रिकामीच होती. मोठ्या माणसाबद्दल आपण काय बोलणार? त्यांनाच विचारा." त्याने शाई भरली, अपेक्षाची सही घेतली आणि तो गेला.

दुर्गाबाईंनी पाकीट उघडायला सांगितलं. हातरुमालात धरून त्यांनी डिस्क उजेडात आणली. तळहाताएवढी धातूची वडी, वर बारीक छपाईचं लेबल. भिंग पुन्हा निघालं.

"मशीन कधी घेतलं होतंस?"

"सात वर्षं झाली. बिल आहे."

"आणि मधे कधी डिस्क बदलली?"

"छे. कधीच नाही. त्याचा खर्च माझ्या लक्षात राहिला असता."

"मग हे मोठंच नवल म्हणायचं. ही डिस्क कारखान्यातून बाहेर पडली दोन वर्षांपूर्वी. महिना आणि साल लेबलावर छापलंय. मशीन सात वर्षांचं आणि त्याचं डोकं दोन वर्षांचं."

पद्मजाने पाकिटावरची आपली सही पुन्हा पाहिली. तिने इतक्या निगुतीने कुलपात जपलं होतं ते दुसरंच काहीतरी होतं. आणि तिच्यासमोर त्या मशीनला हात लावला होता तो एकाच माणसाने.

४

मैनुद्दीनचं दुकान पेठेतच होतं. त्याचे आजोबा तिथे घड्याळं दुरुस्त करत, वडील रेडिओ, तो कॉम्प्युटर. पद्मजाचं बोलणं त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"ताई, आत जी होती ती काढली आणि तुमच्या हातात दिली. लेबल वाचलं नाही, ही माझी चूक. पण बदलली मी नाही. बाकी तुम्ही मला पंधरा वर्षं ओळखता. आता तुमची मर्जी."

पद्मजाला मान वर करवेना.

पुढच्या तीन दिवसांत तिने आणि अपेक्षाने अशिलांना फोन लावून आपापल्या नावावरची कर्जं तपासायला सांगितली. रोज कुणी ना कुणी घाबरून जिना चढत होतं. चौथ्या दिवशी फसवले गेलेल्यांचा आकडा अकरावर थांबला. समईवाल्यापासून पेठेत सगळीकडे मैनुद्दीनचं नाव कुजबुजलं जाऊ लागलं होतं. ते पोलिसांच्या कानावरही गेलं होतं.

दुर्गाबाई मात्र दुसरंच काही मागत होत्या.

"अपेक्षा, जुलैमध्ये कोण कधी आलं त्याची नोंद ठेवतेस ना? या अकरा जणांच्या तारखा वाच."

अपेक्षा वाचत गेली. तीन, पाच, नऊ, अकरा, अकरा, चौदा, सतरा म्हणजे सुमय्या, एकोणीस, बावीस, तेवीस, चोवीस.

"थांब. चोवीसनंतर?"

"यांच्यातलं कुणी नाही."

"चोवीसनंतर ऑफिस बंद होतं की काय?"

"बंद?" अपेक्षा म्हणाली. "शेवटचा आठवडा होता तो, बाई! रांग जिन्याखाली गेली होती. एकशे चाळीसच्या वर लोक आले."

"एकशे चाळीस." दुर्गाबाईंनी तो आकडा सावकाश उच्चारला. "आणि त्यांतला एकही फसला नाही. पद्मजा, मैनुद्दीनने डिस्क काढली ऑगस्टच्या अठराला. त्या दिवशी ज्याच्या हाती खरी डिस्क लागली असती, त्याला हे एकशे चाळीसही मिळाले असते. चोराने इतकं भरलेलं ताट बाजूला सारलं? नाही. त्याच्या ताटात ते वाढलेच गेले नव्हते. खरी डिस्क या मशीनमधून गेली ती चोवीसच्या संध्याकाळनंतर आणि पुढच्या गर्दीआधी."

पद्मजा त्या वहीकडे पाहत राहिली. नावं आणि तारखा, बस. तीन दिवस ती वही तिच्याही टेबलावर होती. तिला त्यात गर्दी दिसली होती आणि या बाईला त्यात एक दार उघडून बंद झालेलं दिसलं होतं.

"आता सांगा, त्या सुमारास मशीनचं पोट कुणी उघडलं?"

अपेक्षा उठली. देखभालीच्या पावत्यांची फाइल तिने आणली आणि एक पावती काढून टेबलावर ठेवली. तारीख पंचवीस जुलै. वेळ सकाळी सव्वानऊ. काम: कागद अडकत होता, रोलर साफ केले. खाली अपेक्षाची सही, आणि शेजारी बद्रीनाथची.

"पण रोलर साफ करणं म्हणजे चोरी नव्हे," पद्मजा म्हणाली. "तो म्हणेल, मी फक्त रोलर पुसले. पुरावा कुठून आणायचा?"

"पुरावा तू जवळजवळ तीन महिने कुलपात ठेवला आहेस," दुर्गाबाई म्हणाल्या.

५

उपनिरीक्षक उत्कर्षा भापकर यांच्या कचेरीत ती डिस्क वाचायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांना बोलावलं. आपणही येणार असं मैनुद्दीनने स्वतः सांगितलं होतं. बद्रीनाथला बसवलं होतं, आणि तो अजूनही हसत होता.

"तुमचं म्हणणं," भापकरांनी त्याला विचारलं, "की तुम्ही डिस्कला हातच लावला नाही?"

"मला त्यातलं काय कळतं, मॅडम? मी शाई भरणारा माणूस. डिस्क बदलली असेल तर ती ज्याने काढली त्याने."

"म्हणजे ऑगस्टमध्ये?"

"मग काय तर."

पडद्यावर चित्रांच्या रांगा उमटल्या. मैनुद्दीन पुढे झुकला. सर्वांत शेवटचं चित्र ऑगस्टच्या अठरा तारखेचं, सकाळचं. म्हणजे त्याने काढली ती डिस्क हीच, आणि त्या दिवसापर्यंत ती मशीनमध्ये काम करत होती. त्याने डोळे मिटून घेतले. पद्मजाने नकळत त्याच्याकडे हात जोडले.

"आता सर्वांत पहिलं," दुर्गाबाई म्हणाल्या.

चित्र मोठं झालं.

ती पंचवीस जुलैची पावती होती. तारीख, सव्वानऊ, रोलर साफ केले, बद्रीनाथची सही. कागद काचेवर दाबून धरणाऱ्या अंगठ्याचं टोकही आलं होतं. अपेक्षाच्या सहीची जागा मात्र कोरी होती.

"दुरुस्तीवाला मशीन जोडून तसाच निघत नाही," दुर्गाबाई म्हणाल्या. "एक प्रत काढून बघतो. हाताशी जो कागद असेल तो ठेवतो. यांच्या हाताशी स्वतःची पावती होती. नवी डिस्क आत घातली, आणि तिने डोळे उघडल्यावर पहिल्यांदा पाहिलं ते यांनाच. अपेक्षाने सही केली त्यानंतर. म्हणजे ही डिस्क आत गेली ती बद्रीनाथ मशीनपाशी एकटे होते तेव्हा. पावतीवर लिहिलेत रोलर."

बद्रीनाथचं हसू कुठल्या क्षणी गेलं ते कुणालाच सांगता आलं नसतं. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडे.

"ती पावती काचेवर ठेवायलाच नको होती," तो पुटपुटला.

संध्याकाळी पोलिसांबरोबर पद्मजाही लोणी काळभोरला बद्रीनाथच्या खोलीवर गेली. तिची डिस्क ओळखायला तिची गरज होती. कॉलेजच्या पोरांना भाड्याने देतात तशी एक खोली, पत्र्याची मांडणी आणि तीवर ओळीने उभ्या सदतीस डिस्का. प्रत्येकीवर चिकटपट्टी, बद्रीनाथच्या अक्षरात. कुठल्याशा दवाखान्याचं नाव, दोन शाळा, एक पतपेढी, वकिलांची ऑफिसं. 'घाटपांडे, कसबा' खालच्या फळीवर होती. कर्जवाल्या कंपनीच्या एका एजंटाला तो माणशी हजार रुपयांनी कागद विकत असे.

पद्मजा तिथे उभीच राहिली. तळहाताएवढ्या त्या वड्या. आणि त्यांत काय नव्हतं? कुणाचा पगार, कुणाचं आजारपण, कुणाच्या लेकराची जन्मतारीख, कुणी देवळाला दिलेली आणि बायकोपासून लपवलेली देणगी. अख्ख्या शहराची माणसं त्या दोन फळ्यांवर मावली होती आणि मांडणी साधी वाकलीही नव्हती. बावीस वर्षं आपण कागद हाताळतो असं ती समजत होती. आपल्या हातात रोज काय असायचं हे तिला त्या पत्र्यासमोर पहिल्यांदा दिसलं. तिला श्वास हळू घ्यावासा वाटला, झोपलेल्या माणसांच्या खोलीत घेतात तसा.

६

भापकरांनी दिलेलं पत्र घेऊन सुमय्या बँकेत गेली. दोन्ही कर्जं तिच्या नावावरून निघायला महिनाअखेर उलटली. पद्मजा स्वतः तिच्याबरोबर धायरीला जाऊन बिल्डरला भेटली, त्याने वीस दिवस वाढवून दिले, आणि ते पुरले.

मग पद्मजा फोन घेऊन बसली. ज्यांना झळ लागली होती ते अकरा जण सोडून बाकी चारशे एकांना तिने पुन्हा एकेक करून फोन केला.

"मी पद्मजा घाटपांडे बोलतेय. तुमच्या कागदांची चित्रं आमच्या मशीनमधून चोरीला गेली असण्याची शक्यता आहे. डिस्क बदलली गेली ते मला कळलं नाही. चूक माझी आहे. तुमचे पासवर्ड बदला, नावावर काही नवं कर्ज दिसतं का ते दर महिन्याला बघा. तुम्हाला तुमचे कागद परत हवे असतील तर आजच देते."

"अगं, चोवीसनंतरच्यांना कशाला सांगतेस?" समोर बसलेल्या दुर्गाबाई म्हणाल्या. "त्यांचं काही गेलेलं नाही."

"त्यांनीही विश्वासानेच दिले होते ना कागद."

दुर्गाबाई उठल्या. "कर अजून फोन," त्या म्हणाल्या. "मी चहा टाकते. तुझ्या ऑफिसातला चहा मात्र चोरानेही नेला नसता."

काहींनी शिव्या घातल्या. एका निवृत्त मास्तरांनी तिला पाऊण तास झापलं आणि शेवटी विचारलं, पासवर्ड बदलायचा कसा. नऊ जण कागद घेऊन गेले. अपेक्षाने त्यांच्या सह्या घेऊन फाइली मोकळ्या केल्या. आणखी शेदोनशे जातील असं धरून पद्मजाने पुढच्या वर्षीचा खर्च मांडला, एक खोली सोडायचं ठरवलं, अपेक्षालाही तसं सांगून ठेवलं. मशीन आता मैनुद्दीनसमोरच उघडलं जाई, आणि उघडलं की डिस्कचा नंबर वहीत लिहिला जाई.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुपारी जिन्यावर पावलं वाजली. एकीची नव्हेत, बऱ्याच जणींची. पुढे सुमय्या होती. तिच्या मागे पाच बायका, दोघी बुरख्यात, एकीच्या हातावर मेंदी, एकीच्या कडेवर पोर. प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद.

"या सगळ्या जरीकाम करतात, मॅडम. नसीमआपाचं काम आता परदेशात जातं. आजवर कुणी कर भरला नव्हता, भीती वाटायची. यांचं तुम्ही भरा."

पद्मजा उठून उभी राहिली. "सुमय्या, अगं, तुझ्याच बाबतीत माझ्याकडून काय झालं ते यांना माहीत आहे का?"

"मीच सांगितलं." सुमय्याने पिशवीतून आपलेही कागद काढले. "आपा म्हणाल्या, चोरी कुठे होत नाही? पण चोरी झाली हे फोन करून सांगणारं ऑफिस आम्ही पहिल्यांदाच ऐकलं."

नसीमआपा, साठीच्या, पुढे आल्या. त्यांनी पिशवी उघडली. आत जन्माचा दाखला होता, घड्या पडून कापडासारखा मऊ झालेला. त्यांनी तो टेबलावर ठेवला नाही, पद्मजाच्या पुढे धरला.

पद्मजाने तो दोन्ही हातांनी घेतला.